सीटखालची बॅग कोणती घेऊ? (जाम गेटमार्गे महेश्वर, एक मुक्काम)

ट्रिंगट्रिंग · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुक्काम इंदूर, राजेंद्र नगर. वय अठ्ठेचाळीस, उंची पाच फूट, तीही चपलेसकट. भाची बंगळुरूला नोकरीला गेली आणि तिची रोड बाइक माझ्या गळ्यात पडली. म्हटलं, गंजून जाण्यापेक्षा चालवून बघू. त्याला आता दोन वर्षं झाली. रोज राऊपर्यंत, रविवारी महूपर्यंत.

श्रावणात आम्ही तिघी महेश्वरला निघालोय. महू, जाम गेट, घाट उतरून मंडलेश्वर आणि तिथून पुढे महेश्वर. नव्वदच्या आसपास किलोमीटर होतात. रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत.

आत्तापर्यंत पाठीवर सॅक घ्यायचे. मागच्या रविवारी महूच्या उतारावर खाली वाकले, तर सॅक घसरून हेल्मेटवर आली आणि हेल्मेट डोळ्यांवर. एका हाताने ते वर ढकलत ब्रेक मारला. तेव्हाच ठरवलं, पाठीवर काही नको.

पण सीटखालच्या बॅगा बघायला गेले तर तीनशे रुपयांच्या पाकिटापासून नऊ हजारांच्या शेपटीसारख्या लांब बॅगेपर्यंत सगळं आहे. दुकानदार म्हणतो, "मॅडम, मोठी घ्या, कामाला येते." कोणती घेऊ?

चाकोरीबाहेर · शनिवार, रात्री १०:०५

बॅगेचं नंतर बघू. आधी टेप घ्या. तुम्ही बसता त्याच उंचीवर सीट ठेवा आणि सीटच्या खालच्या दोन सळ्यांपासून टायरच्या माथ्यापर्यंत सरळ खाली किती अंतर आहे ते मोजून इथे सांगा. त्याआधी कुणीही कुठल्याही कंपनीचं नाव सुचवलं तर कानाडोळा करा.

तुमच्या उंचीला हे फार महत्त्वाचं आहे. रोड बाइकचं चाक माणसाच्या मापाने लहानमोठं होत नाही. २८ मिलिमीटरचा टायर चढवला की चाक जवळपास ६८ सेंटिमीटर उंच होतं, मग वर बसणारा सहा फुटी असो की पाच फुटी. फ्रेम छोटी, सीट खाली, चाक मात्र तेवढंच. चाक आणि सीट यांच्यातली फट तेवढी आक्रसते. जाहिरातीतल्या त्या मोठ्या शेपटीवाल्या बॅगा उंच माणसाच्या सायकलवर लावून फोटो काढलेले असतात.

पोहेजिलबी · शनिवार, रात्री १०:१२

ताई, एक मोबाइल, एक कार्ड आणि एक गमछा. बाकी सगळं रस्त्यात मिळतं. बॅगेच्या पैशात महेश्वरी साडी घ्या.

ट्रिंगट्रिंग · शनिवार, रात्री १०:२०

साडी घेतली तरी ती आणायची कशात, भिया?

रामबागकर · रविवार, सकाळी ६:५०

धागा वाचून वडिलांची सायकल आठवली. काळी हर्क्युलिस, वर ब्रुक्सची चामड्याची सीट. सीटच्या मागच्या बाजूला दोन कड्या असत आणि त्यांत अडकवलेली चामड्याची छोटी पेटी. आत एक पाना, रबराचे तुकडे, घासायला पत्र्याची किसणी, सोल्युशन. मिलचा भोंगा झाला की वडील अंगणात पहिल्यांदा ती पेटी चाचपत आणि मग टांग मारत. आम्हा पोरांना पेटीला हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे तीत खजिना असल्याची आमची खात्री होती.

त्या कड्या सीटवर उगाच नसत. तिकडे इंग्लंडात त्यांना कापडी आडव्या बॅगा अडकवतात. कॅरडाइस नावाची कंपनी १९३२ पासून त्या शिवते आहे. जाड मेणकापड, चामड्याचे पट्टे आणि तोंडाशी आत एक लाकडी दांडी, म्हणजे भरल्यावर बॅग मधे दबत नाही. आजच्या निमुळत्या बॅगा सीटमागे उभ्या लोंबतात, ही आडवी बसते. दिसायला जुनाट, पण चालत्या सायकलवर मागे हात घालून केळं काढता येतं. नव्या बॅगांत ते जमत नाही, तोंडच मागे गुंडाळलेलं असतं.

ट्रिंगट्रिंग · रविवार, सकाळी ११:३०

मोजलं. मी सायकलवर बसले, भिंतीला हात टेकला, अहो जमिनीवर पालथे पडून टेप धरून होते. पहिल्यांदा सतरा म्हणाले. नंतर कळलं, टेपचं पत्र्याचं टोक वाकलेलं होतं. पुन्हा मोजलं: सोळा सेंटिमीटर.

सुरसागर · रविवार, दुपारी १:१५

बडोद्याहून रामराम. मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर सायकलने गाठायचं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, असला उद्योग. सीटमागच्या तीन बॅगा घेऊन झाल्या, त्यातल्या दोन चुकल्या. चुका सांगतो, त्या तुमच्या जास्त कामाच्या.

पहिली चूक सोळा लिटरची. जागा होती म्हणून भरत गेलो. ही बॅग हवेत लोंबते हे आधी लक्षात घ्या. पुढे सीटपोस्टला, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते तिला, एक-दोन पट्टे, वर सीटच्या सळ्यांना दोन पट्टे. मागचं टोक कशावरच टेकलेलं नाही. चढावर उभं राहून पेडल मारलं की बॅग कुत्र्याच्या शेपटीसारखी हलते आणि ती हलली की मागचं चाकही हलल्यासारखं वाटतं. पावागडच्या चढाला मी खाली उतरून टायर तपासला होता. टायर ठीकच होता. शेपटीच्या टोकाला मी चार्जर आणि कुलूप भरलं होतं.

तेव्हापासून जड सामान सीटपोस्टला चिकटून, हलके कपडे टोकाला. आणि बॅग अर्धी रिकामी कधी ठेवू नये. रिकाम्या जागेत सामान घरंगळतं आणि पोट खाली सुटतं. आता माझी ११ लिटरची आहे आणि गच्च भरल्यावर तिला १८ सेंटिमीटर फट लागते. तुमच्या सोळात ती बसणार नाही. बसली असं वाटलं तरी घाटात खड्डा आला की बॅग खाली बसते, टायर तिचा तळ खातो. "घर्रर्र" असा आवाज येतो. तो आला की समजायचं, कापड गेलं.

दुसरी चूक दिव्याची. बॅगेवर मागचा दिवा अडकवायला एक पट्टी असते. दिवा लावला, पण बॅग खाली झुकली आणि दिवा रस्त्याकडे बघत बसला. माझ्या मागच्या माणसाने सांगितलं, "तुझा दिवा विझलाय." विझला नव्हता, डांबराला उजेड दाखवत होता. आता मी दिवा सीटवरून चाकाकडे उतरणाऱ्या डावीकडच्या दांडीला लावतो. तिथे तो झाकला जात नाही.

अवांतर: इथे पाऊस झाला की विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यावर येतात. तुमच्याकडे निदान ती भानगड नाही.

नर्मदातट · रविवार, दुपारी ४:००

एवढी पीएचडी कशासाठी? कॅरियर लावा, दोन्हीकडे दोन झोळ्या सोडा, विषय संपला. वजन खाली राहतं, सायकल डोलत नाही. मी बडवाहून ओंकारेश्वरला तसाच जातो.

ट्रिंगट्रिंग · रविवार, दुपारी ४:२५

दादा, भोकंच नाहीत! मागच्या चाकाच्या आसाजवळ कॅरियरचे स्क्रू बसायला भोकं लागतात ना, ती या फ्रेमला दिलेलीच नाहीत. नुसत्या सीटपोस्टला आवळायचं कॅरियर पण बघितलं. दुकानदाराने लावून दाखवलं आणि हाताने दाबलं तर ते गोल फिरलं. तो म्हणाला, "इतनी जोर से कौन दबाता है?" म्हटलं, खड्डा दाबतो.

नर्मदातट · रविवार, दुपारी ४:४०

मग ठीक आहे. भोकं नसतील तर माझा आवाज बंद.

कल्हई · रविवार, रात्री ८:३०

मुक्कामाच्या सामानाची सगळ्यांना काळजी, पण सीटखालची बॅग मुळात पंक्चरसाठी असते, त्याबद्दल कुणी बोलत नाहीये. माझी कथा ऐका.

अर्ध्या लिटरची छानशी बॅग. आत नवी ट्यूब, पान्यांचा जुडगा, टायर काढायच्या दोन प्लास्टिक पट्ट्या. वर्षभर पंक्चर झालं नाही, मी खूश. मग चोरलच्या अलीकडे झालं. जुनी ट्यूब काढली, नवी घातली, पंप मारतोय मारतोय, टायर फुगेचना. ट्यूब बाहेर काढून कानाशी धरली तर "फुस्स". घडी जिथे पडली होती तिथे तांदळाच्या दाण्याएवढं भोक आणि भोवती काळा चकचकीत घासल्याचा डाग. वर्षभर पान्याचा कोपरा तिथेच घासत होता. नवीकोरी ट्यूब बॅगेत बसल्या बसल्या पंक्चर!

आता ट्यूबला टाल्कम पावडर चोळतो, जुन्या मोज्यात घालतो, मोजा दुधाच्या रिकाम्या पिशवीत आणि रबराने बांधतो. पाने वेगळ्या फडक्यात. सोल्युशनच्या ट्यूबवर पण भरवसा ठेवू नका. एकदा भोक पाडलं की आतून वाळते. बाहेरून गुबगुबीत, आत डिंकाचा खडा. दर पावसाळ्याआधी नवी घ्यायची, दहा-पंधरा रुपयांचा तर मामला आहे.

चाकोरीबाहेर · रविवार, रात्री ९:१०

कल्हई यांच्या यादीत एक भर. रोड बाइकच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडचा पंप मोटरसायकलच्या जाड वॉल्व्हचा. मधे बसवायचं पितळी बोंड मिळतं, तुळशीच्या मंजिरीएवढं. ते नसेल तर पंक्चरवाला समोर, कॉम्प्रेसर सुरू आणि तुम्ही कोरडे.

गॅसच्या छोट्या नळकांड्या घेणार असाल तर १६ ग्रॅमची एक तुमचा टायर भरते. पण तो गॅस साध्या हवेपेक्षा लवकर रबरातून झिरपतो. मुक्कामाला पोचल्यावर पंपाने नीट हवा भरा, नाहीतर सकाळी टायर मऊ.

पोहेजिलबी · रविवार, रात्री ९:२२

दुधाच्या पिशवीचा मुद्दा शंभर नंबरी. आमच्याकडे सांची दुधाच्या पिशव्या आई धुऊन खिडकीत वाळत घालते. आता कळलं का.

अनवाणी · सोमवार, सकाळी ८:००

पावसात जायचंय तर वॉटरप्रूफच घ्या, शिवण नसलेली, गरम करून चिकटवलेली. महाग पडते, पण एकदाच. डब्यावर आयपीएक्स लिहिलेलं असतं, त्यापुढचा आकडा बघा. ४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालतं, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालतं. नुसतं "वॉटर रेझिस्टंट" लिहिलं असेल तर दुकानातच परत द्या.

सुरसागर · सोमवार, सकाळी ९:३०

तत्त्वतः बरोबर, पण या बॅगेवर वरून येणारं पाणी थोडंच असतं, वर तर आपणच बसलेलो असतो. खरा मारा खालून. मडगार्ड नाही, मागचं चाक पाण्याची धार सरळ बॅगेच्या तळावर आणि शिवणीवर सोडतं. त्यात तुमच्याकडची काळी माती. बॅगेची चेन (झिप) तळाकडे असेल तर दोन पावसांत दाताला दात लागत नाही. माझ्या पहिल्या बॅगेची अशीच गेली. दुकानात तक्रार केली तर म्हणाले, "चेनवर वॉरंटी नसते." मग बॅगेत वॉरंटी होती तरी कशावर?

चेनवाली असेलच तर घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने माती काढायची आणि मेणबत्ती घासायची. आणि अस्तर म्हणून आत प्लास्टिकची पिशवी. कपडे कोरडे राहिल्याशी मतलब, बॅग ओली झाली तर होऊ द्या.

अनवाणी · सोमवार, सकाळी ९:४५

प्लास्टिकच्या पिशवीवरच भागवायचं तर नऊ हजारांच्या बॅगा कंपन्या विकतात कशाला?

सुरसागर · सोमवार, सकाळी ९:५०

घेणारे आहेत म्हणून. मीही घेतली आहे.

रामबागकर · सोमवार, संध्याकाळी ७:००

ट्रिंगट्रिंग, एक सुचवू का? इंदूर चामड्याच्या खेळण्यांचं गाव आहे, त्या घोड्या-हत्तींना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे. इथे शिवणारे हात आहेत. सोळा सेंटिमीटरची फट कुठल्या कारखान्याने डोळ्यांपुढे धरलेली नसणार. तुम्ही धरा. आडवी बॅग शिवून घ्या. उंचीला कमी, रुंदीला जास्त.

फक्त मांड्यांचं बघा. बॅग फार पुढे आली की पेडल मारताना मांडीचा मागचा भाग घासतो आणि वेल्क्रो उघडा राहिला असेल तर महागाच्या सायकल-चड्डीच्या चिंध्या होतात.

ट्रिंगट्रिंग · गुरुवार, रात्री १०:१५

काम झालं! सविस्तर लिहिते.

आधी बॅग बाजूला ठेवून जेवणाच्या टेबलावर सामान मांडलं. ट्यूब, पाने, पट्ट्या, पितळी बोंड, पंप. पातळ रेनकोट. रात्रीचा कुर्ता-पायजमा, अंतर्वस्त्रं, टॉवेलऐवजी पंचा. गोळ्या, चार्जर. अहोंनी टिफिनचा डबा पण आणून ठेवला होता, तो परत पाठवला. मग सगळं एका उशीच्या अभ्र्यात कोंबलं आणि बादलीशी ताडून बघितलं. आठ लिटरही भरेना. त्यातला कुर्ता, पायजमा आणि पंचा गुंडाळून हँडलला बांधायचं ठरवलं. मागे उरलं पाच लिटर.

मालगंजला एक रेक्झीनवाले आहेत, स्कूटरची सीट कव्हरं शिवतात. त्यांना सायकलच नेऊन दाखवली. रुंदी ३०, उंची ११, खोली १५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास पाच लिटर. ट्रकच्या ताडपत्रीचं कापड, आतून रेक्झीन, वरून मोठं झाकण आणि दोन बक्कलं. चेन नकोच म्हटलं. पट्टे त्यांनी जुन्या स्कूलबॅगचे लावले. माझ्या सीटला कड्या नाहीत, म्हणून दोन पट्टे सळ्यांवरून आणि तिसरा सीटपोस्टला.

अडलं कशावर, तर दांडीवर. आत लाकडी दांडी हवी असं मी रामबागकरांच्या भरवशावर सांगून बसले होते. ते म्हणाले, "लकडी अपने पास नहीं." घरी आले. शोधत होते, तर ओट्याच्या कप्प्यात सासूबाईंचं जुनं बारीक लाटणं सापडलं. टोकं थोडी कापली आणि झालं तीस सेंटिमीटर. शिसम आहे, चार पावसाळे तरी वाकणार नाही.

शिलाई आणि सामान मिळून साडेचारशे रुपये.

पोहेजिलबी · गुरुवार, रात्री १०:१९

लाटणं!!

कल्हई · गुरुवार, रात्री १०:३०

सीटपोस्ट कार्बनचा आहे का? असेल तर पट्ट्याखाली पारदर्शक टेप लावा. धूळ अडकली की पट्टा कानशीसारखा घासतो.

ट्रिंगट्रिंग · गुरुवार, रात्री १०:३४

ॲल्युमिनियमचा आहे, पण टेप लावते.

ट्रिंगट्रिंग · पुढच्या आठवड्यात, मंगळवार, रात्री ९:००

आलो जाऊन! आधी बॅगेचं, मग बाकीचं.

महूपर्यंत तिची आठवणही झाली नाही, म्हणजे ती ठीक होती. महू सोडल्यावर पाऊस लागला. जाम गेटला ढग खाली उतरलेले, दरवाजाच्या कमानीखाली पन्नास मोटरसायकली आणि मक्याच्या कणसांचा धूर. अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा आणि त्यावर चढून सेल्फी. असो. तिथे बॅग उघडून बघितली, आतलं रेक्झीन कोरडं. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यातून थोडं पाणी झिरपलं होतं, पण सगळं दुधाच्या पिशव्यांत होतं.

घाट उतरताना घर्रर्र आवाज एकदाही आला नाही. पहिल्या मोठ्या खड्ड्याला मात्र पट्टे थोडे सुटले. रेक्झीनवाल्यांनी दिलेली स्कूलबॅगची बक्कलं ओली झाल्यावर सरकतात. थांबून पट्ट्याच्या टोकाला गाठ मारली, मग हलली नाही. दुसरा दोष: उजवी मांडी दर फेरीला लाटण्याच्या टोकाला लागत होती. हलकंच, पण नव्वद किलोमीटर! मंडलेश्वरला पोचेपर्यंत तिथे रुपयाएवढा लाल डाग. आता लाटणं दोन्हीकडून सेंटिमीटरभर अजून कापणार.

पंक्चर माझं नाही, मैत्रिणीचं झालं, मंडलेश्वरच्या अलीकडे. तिच्याकडे बॅगच नव्हती, तिची ट्यूब सॅकच्या तळाशी. माझी ट्यूब मोज्यातून निघाली, पावडरीने पांढरीफटक. टायरला बाभळीचा काटा होता. पंप मारून हात दुखले तेवढ्यात एक पंक्चरवाला दिसला आणि त्याने जाड वॉल्व्हचा पंप पुढे केला. मी ते पितळी बोंड काढून दाखवलं. म्हणाला, "ये अच्छी चीज है, मैडम, एक मेरे पास छोड़ जाओ." सोडून आले. माझ्याकडे दोन होती, चाकोरीबाहेर यांच्या कृपेने.

परतीचा घाट चढताना उभी राहून पेडल मारलं. बॅग हलली नाही. दम माझा गेला, ती जागच्या जागी.

सुरसागर · मंगळवार, रात्री ९:४०

वा! बक्कलांऐवजी दातेरी पट्टी असलेली धातूची घ्या, ओली झाली तरी धरतात. आणि दिवा?

ट्रिंगट्रिंग · मंगळवार, रात्री ९:४४

डाव्या दांडीला, तुमच्याच सांगण्यावरून. मागच्या मैत्रिणीला विचारलं, डोळ्यांत जातो म्हणाली.

नर्मदातट · मंगळवार, रात्री १०:१०

माप आणि मालगंजचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बायकोच्या सायकललाही भोकं नाहीत, आत्ताच बॅटरी घेऊन बघून आलो.

ट्रिंगट्रिंग · मंगळवार, रात्री १०:१८

केला. पण रेक्झीनवाले म्हणतात, ताडपत्रीचा तुकडा मोठा येतो, तीन बॅगा असतील तरच कापतो. माझ्या मैत्रिणीची एक, तुमची एक. अजून एक हवी.

चाकोरीबाहेर · मंगळवार, रात्री १०:२५

तिसरी माझी. फट एकोणीस, त्यामुळे उंची १३ चालेल. रविवारी राऊला पोह्यांवर भेटू, टेप मी आणतो. पत्र्याचं टोक न वाकलेली.